जुन्या लेन्सची फोकस रिंग जड झालीय: ग्रीस नंतर, खुणा आधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. हेलिओस ४४-२ ही जुनी सोव्हिएत लेन्स, ५८ एमएम एफ/२, एम४२ माउंट (म्हणजे आट्यांनी कॅमेऱ्यावर बसणारी). बरीच वर्षं कपाटात पडून होती आणि आता फोकस रिंग एवढी जड झालीय की फिरवायला गेलं तर रिंग जागेवरच राहते आणि अख्खी लेन्स अडॅप्टरच्या (जुनी लेन्स आजच्या कॅमेऱ्यावर बसवणारी मधली रिंग) आट्यांमधून सुटायला लागते. विचारलंय तीन गोष्टींबद्दल: ग्रीस कुठलं घ्यायचं, लेन्स न उघडता बाहेरून तेलाचे दोन थेंब सोडून भागेल का, आणि अपर्चरच्या पात्यांवर तेलकट चकाकी दिसतेय ती साफ करायलाच हवी का.

मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो. नाही, भागणार नाही. बाहेरून सोडलेलं तेल आट्यांपर्यंत धड पोचत नाही, आणि पोचलंच तर जुन्या वाळलेल्या ग्रीसला पातळ करतं, मग ते सगळं पातळ झालेलं मिश्रण सरकत सरकत पात्यांवर जातं आणि तिथून आतल्या काचांवर त्याचा धुरकट थर बसतो. रिंग थोडे दिवस हलकी लागते, मग परत होती तशी, वर काचा खराब झालेल्या. डब्ल्यूडी-४० मारायचा मोह बऱ्याच जणांना होतो, तो तर अजिबात नको. त्यातलं पातळ द्रावण उडून जातं आणि तेल मागे राहतं, आणि नेमकं तेच तेल तुम्हाला लेन्सच्या आत नकोय.

आता ग्रीस. सगळे पहिला प्रश्न हाच विचारतात, आणि माझ्या मते या कामात ग्रीसचा नंबर बराच खालचा आहे. दोन-तीन प्रकारांपैकी कुठलंही लावलं तरी लेन्स फिरेल, थोडी हलकी नाहीतर थोडी जड, एवढाच फरक. लेन्स कायमची बिघडते ती दुसऱ्याच ठिकाणी, हेलिकॉइड (फोकससाठी एकात एक फिरणाऱ्या आट्यांच्या नळ्या) सुटं करताना ते नेमकं कुठे सुटलं याची खूण केली नाही तर. म्हणून ग्रीसवर येईन, पण आधी बाकीचं.

जड होण्याचं कारण ग्रीसच आहे का, हे पहिलं तपासा. ग्रीस म्हणजे तेल आणि ते तेल धरून ठेवणारा साबणासारखा घट्ट पदार्थ, स्पंजात पाणी असतं तसं. वर्षानुवर्षं पडून राहिलं की तेल हळूहळू सुटून निघून जातं, आणि आट्यांमध्ये उरतो तो नुसता साबण, मेणासारखा चिकट. अशा वेळी रिंग सगळीकडे सारखीच जड लागते, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि लेन्स थोडा वेळ उबदार जागी ठेवली किंवा हातात धरून गरम केली तर थोडी सैल होते. असं असेल तर नवीन ग्रीसने काम नक्की होईल. पात्यांवर तेल दिसतंय म्हणताय त्यावरून तुमचं बहुतेक हेच आहे, ग्रीसमधून सुटलेलं तेल तिथे जाऊन बसलंय.

पण रिंग एकाच जागी अडत असेल आणि बाकी ठिकाणी मोकळी फिरत असेल तर मामला वेगळा. लेन्स कधीतरी पडलेली असते, पुढच्या फिल्टर रिंगला चेप आलेला असतो किंवा आतली नळी किंचित लंबगोल झालेली असते. तिथे कितीही ग्रीस घाला, काही होत नाही. फिरवताना खरखर लागत असेल तर आत वाळू किंवा धातूचा कीस आहे, आणि मग जोर लावून फिरवत राहणं ताबडतोब थांबवा, कारण प्रत्येक फेऱ्याला आटे घासले जातायत. आणि रिंग जड नाही पण पूर्ण लेन्स डगडग हलतेय असं असेल तर आटे झिजलेत किंवा आतल्या चाव्यांचे (आतली नळी सरळ धरून ठेवणाऱ्या पितळेच्या पट्ट्या) स्क्रू ढिले झालेत, त्याला जाड ग्रीस हा तात्पुरता उपाय आहे, दुरुस्ती नाही.

आणखी एक, लेन्स कुठली आहे यावरही बरंच अवलंबून आहे. तुमच्याकडे हेलिओस आहे हे तुमचं नशीब. जर्मन झाइस कंपनीच्या बायोटार लेन्सवरून घेतलेली रचना, चार गटांत सहा काचा, आतमध्ये एकही काच स्वतंत्रपणे सरकत नाही, फोकस करताना सगळा काचेचा ब्लॉक एकत्र पुढेमागे जातो. शिकायला यापेक्षा बरी लेन्स सुचत नाही. झूम लेन्स असती किंवा जवळच्या फोकससाठी एक गट वेगळ्या वेगाने सरकतो अशी वाइड लेन्स असती, १९६७ ची निक्कोर २४ एमएम एफ/२.८ तशी आहे, तर मी पहिलीच लेन्स म्हणून उघडू नका असं सरळ सांगितलं असतं. तिथे एका हेलिकॉइडचा हिशेब दुसऱ्यावर अवलंबून असतो. रेंजफाइंडर कॅमेऱ्याच्या लेन्सचंही तसंच, त्यात काच बरोबर बसवून भागत नाही, कॅमेऱ्याला अंतर कळवणारा मागचा भागसुद्धा जुळावा लागतो.

हत्यारं फार लागत नाहीत पण जी लागतात ती बरोबर हवीत. बारीक चपट्या तोंडाचे स्क्रू ड्रायव्हर, एक ते दीड मिलिमीटरच्या आसपासचे दोन-तीन. सोव्हिएत लेन्समधले स्क्रू बहुतेक एका खाचेचे असतात. जपानी लेन्स असेल तर फुलीचे दिसतात, पण ते साधे फिलिप्स नाहीत, जेआयएस म्हणजे जपानी मानकाचे आहेत. फिलिप्सचं टोक त्यात पूर्ण बसत नाही, घसरतं आणि माथा खाऊन टाकतं. रिटेनिंग रिंगच्या (भाग जागेवर धरून ठेवणारी आट्यांची रिंग) खाचा पकडायला दोन टोकांचा लेन्स स्पॅनर हवा, कैचीच्या टोकांनी हे काम करू नका, ती एकदा सटकली की सरळ काचेवर ओरखडा. पुढची नाव लिहिलेली रिंग रबराच्या गोल बुचाने दाबून फिरवून निघते. शिवाय नॅफ्था म्हणजे लायटर फ्लुइड, आयसोप्रोपिल अल्कोहोल, थोडंसं अॅसिटोन, जुने टूथब्रश, बांबूच्या काड्या, मास्किंग टेप, अणकुचीदार सुई आणि एक व्हर्निअर कॅलिपर. कॅलिपर ऐच्छिक आहे असं लोक म्हणतात, मी म्हणणार नाही, पुढे कळेल का ते. काम उथळ ट्रेमध्ये पांढरं फडकं अंथरून त्यावर करा. फोकस रिंग धरणारे बारीक ग्रब स्क्रू तांदळाच्या कणीपेक्षा लहान असतात आणि टेबलावरून उडाले की सापडत नाहीत.

उघडण्याआधी दोन मापं घ्या. रिंग इन्फिनिटीच्या (सगळ्यात दूरच्या फोकसच्या, ∞ खुणेच्या) टोकाला नेऊन माउंटच्या मागच्या कडेपासून पुढच्या कडेपर्यंत लांबी मोजा, मग सगळ्यात जवळच्या फोकसला नेऊन परत मोजा. दोन्ही आकडे लिहून ठेवा. फिरत नसेल तर थोडं गरम करून फिरवा, पण माप घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. ५८ एमएमची लेन्स इन्फिनिटीपासून अर्ध्या मीटरपर्यंत यायला साधारण ९ मिलिमीटर पुढे सरकते, त्यामुळे दोन मापांमधला फरक त्याच्या जवळपास यायला हवा. फारच वेगळा आला तर समजा की आधी कोणीतरी ही लेन्स उघडून चुकीची जोडलीय, आणि तुमच्या खुणांवर डोळे झाकून विश्वास ठेवता येणार नाही. तशी लेन्स हातात आली तर घाबरायचं कारण नाही, पण काम मोठं आहे, प्रत्येक जोड एकेक करून तपासत बसावं लागतं.

फोकस रिंग तीन ग्रब स्क्रूंनी धरलेली असते. ते काढायचे नाहीत, दोन-अडीच आटे ढिले करायचे, बास. स्क्रूच्या खाचेत मळ आणि कारखान्यात लावलेलं वार्निश असतं, आधी सुईने खाच पूर्ण मोकळी करा म्हणजे ड्रायव्हरचं टोक तळापर्यंत बसेल. तरी हलत नसेल तर काडीच्या टोकाने अॅसिटोनचा एकच थेंब स्क्रूवर सोडा, थोडा वेळ थांबा, परत एक थेंब. अॅसिटोन रंगवलेले आकडे विरघळवतं आणि प्लास्टिकही खातं, म्हणून थेंब म्हणजे खरोखर थेंबच, आणि काचांच्या आसपास तर नकोच, या लेन्समध्ये दोन जोडकाचा चिकटवलेल्या आहेत. त्यानेही नाही सुटला तर सोल्डरिंग आयर्नचं टोक काही सेकंद स्क्रूच्या माथ्यावर टेकवून गरम करा आणि लगेच प्रयत्न करा. माझ्या अनुभवात आधी किंचित घट्ट करण्याच्या दिशेला दाबून मग सोडवला तर अडलेला स्क्रू बऱ्याचदा सुटतो, वार्निशचा थर फुटतो तेव्हा बारीक टक्क असं बोटाला जाणवतं. ताकदीचा हिशेब असा की सत्तर टक्के जोर खाली दाबायला आणि उरलेला फिरवायला. उलटं केलंत की माथा गेला.

रिंग निघाली की काचेचा ब्लॉक बाहेर काढायचा. बहुतेक जुन्या प्राइम (म्हणजे झूम नसलेल्या) लेन्समध्ये काचा आणि अपर्चर मिळून एकच ब्लॉक असतो, तो हेलिकॉइडमध्ये आट्यांनी किंवा रिटेनिंग रिंगने बसवलेला असतो. तो एकसंध बाहेर येत असेल तर एकसंधच काढा, आतल्या काचा सुट्या करायची काहीच गरज नाही. त्याच्या बुडाशी कागदाएवढ्या पातळ धातूच्या चकत्या असू शकतात, शिम म्हणतात त्यांना, कारखान्यात फोकस जुळवायला घातलेल्या. किती होत्या आणि कुठे होत्या ते फोटो काढून ठेवा, पिशवीत घालून लेबल लावा. हरवली तर इन्फिनिटी बिघडते, एवढीशी चकती असते पण.

आता हेलिकॉइड, म्हणजे खरं काम. इथे घाई नको.

डोक्यात चित्र स्पष्ट असू द्या. तीन नळ्या एकात एक बसलेल्या आहेत. बाहेरची माउंटला घट्ट, ती हलत नाही. मधली फोकस रिंगबरोबर फिरते. आतली काचा धरून असते, ती फिरत नाही, फक्त सरळ पुढेमागे जाते, कारण तिला पितळेच्या चाव्या एका सरळ खाचेत धरून ठेवतात. मधली नळी फिरली की दोन्ही बाजूंचे आटे एकदम काम करतात. म्हणजे सुटण्याच्या जागासुद्धा दोन, बाहेरची आणि मधली यांच्यामध्ये एक, मधली आणि आतली यांच्यामध्ये दुसरी. दोन्हीच्या खुणा वेगवेगळ्या कराव्या लागतात.

हे आटे बाटलीच्या झाकणासारखे एका सुरुवातीचे नसतात. अनेक सुरुवाती असतात, म्हणजे नळीच्या कडेला गोलाकार बऱ्याच ठिकाणी आटे सुरू होतात, आणि त्यातल्या कुठल्याही ठिकाणी दुसरी नळी छान बसते, मऊ फिरते, सगळं बरोबर झालं असं वाटतं. पण बरोबर जागा एकच. एक सुरुवात इकडची तिकडे झाली की काचा पुढे किंवा मागे राहतात. ५८ एमएमच्या लेन्समध्ये काचा फक्त १ मिलिमीटर जास्त बाहेर राहिल्या तर लेन्स साधारण साडेतीन मीटरच्या पलीकडे फोकसच होत नाही. डोंगर, इमारती, चंद्र, सगळं धूसर. आणि ती चूक ग्रीस लावून, स्क्रू घट्ट करून, कॅमेऱ्यावर चढवल्यावर कळते.

म्हणून असं करा. चाव्या काढायच्या आधी रिंग इन्फिनिटीला ठेवून तिन्ही नळ्यांच्या कडांवर एका सरळ रेषेत सुईने बारीक ओरखडा ओढा. मार्करने नको, नॅफ्थाने पुसला जातो. मग चाव्यांचे स्क्रू काढा, कुठली चावी कुठल्या बाजूची आणि कुठलं तोंड वर, हे लिहून ठेवा, त्या अदलाबदल करून बसवल्या तर रिंग एका जागी अडते. आता लेन्स माउंट खाली आणि तोंड वर अशी धरा आणि आतली नळी अगदी सावकाश सुटण्याच्या दिशेने फिरवत जा. वरच्या बोटांनी तिला किंचित वर उचलून धरा, म्हणजे शेवटचा आटा सुटला की ती त्या क्षणी बोटात येईल. त्या क्षणी थांबा. हलवू नका. दोन्ही कडांवर समोरासमोर खूण करा, सरळ वरून फोटो काढा, आणि त्या खुणेचं पहिल्या इन्फिनिटीच्या खुणेशी अंतर किती ते कागदावर चित्र काढून लिहा. मगच दुसरा जोड सोडवा, तिथेही हेच सगळं. दोन वेगळ्या प्रकारच्या खुणा ठेवा, पहिल्या जोडाला एक रेघ, दुसऱ्याला दोन. नंतर साफ केलेले चकचकीत भाग समोर पडले की कुठली खूण कशाची हे आठवत नाही, कुणालाच नाही आठवत.

सुटं झाल्यावर आतलं ग्रीस बघण्यासारखं असतं. बऱ्याचदा ते काळपट हिरवं किंवा तपकिरी झालेलं असतं, काळपटपणा धातूच्या कीसाचा, हिरवट रंग पितळेचा. बोटावर घेऊन चोळलं तर मेणासारखं गोळा होतं. हे नॅफ्था आणि टूथब्रशने धुवायचं, आट्यांच्या तळाशी काडीने कोरायचं, परत धुवायचं. नॅफ्था पेट घेतो, हे लक्षात ठेवून खिडक्या उघड्या ठेवा, आसपास ज्योत नको, आणि मघाचं सोल्डरिंग आयर्न बंद करून बाजूला ठेवलेलं असू द्या. शेवटी अल्कोहोलने एकदा धुवून वाळवा. आट्यांमधून पांढरं कापड फिरवलं तर डाग पडता कामा नये. जुन्या ग्रीसचा थर राहिला आणि त्यावर नवीन लावलं तर दोन्हींचं मिश्रण कसं वागेल याचा काही भरवसा नसतो. इथे अर्धा तास जास्त गेला तरी चालेल.

आटे घासून गुळगुळीत करायच्या भानगडीत पडू नका, धातूची पॉलिश लावून आटे फिरवत बसायचे सल्ले तुम्हाला वाचायला मिळतील. या नळ्या एकमेकींना जुळवलेल्या असतात, घासलेला धातू परत येत नाही, आणि सैल झालेल्या हेलिकॉइडला मग जाड ग्रीसच लावत बसावं लागतं. कुठे बारीक चेप असेल तर तेवढ्याच जागी बघा.

आता मी नेहमी करतो पण बरेच जण टाळतात ती गोष्ट: ग्रीस न लावता एकदा कोरडी जोडणी. खुणा समोरासमोर आणा, नळी आधी उलट दिशेने फिरवा, आटा आपल्या जागेवर आला की बारीकसा खड्डा पडल्यासारखं जाणवतं, तिथून सुलट फिरवा. अजिबात जोर लावायचा नाही. जोर लागतोय म्हणजे आटे तिरके चढतायत, थांबा, काढा, परत सुरू करा. अॅल्युमिनियम मऊ असतं, एकदा आटा तिरका कापला गेला की ती नळी गेलीच. दोन्ही जोड बसल्यावर बघा की इन्फिनिटीला तुमची पहिली रेषा जुळते का, चाव्यांची खाच समोर येते का, आणि ब्लॉक ठेवून कॅलिपरने लांबी मोजा. सुरुवातीला लिहिलेला आकडा आला की सगळं बरोबर. नाही आला तर इथेच कळलं, हाताला ग्रीस लागायच्या आधी. म्हणून कॅलिपर हवाच. कोरडं फिरवताना मात्र एकदाच आणि सावकाश, बिनग्रीसचे आटे पुन्हा पुन्हा फिरवू नका.

आत्तापर्यंत काय झालं: दोन मापं घेतली, तीन प्रकारच्या खुणा झाल्या, सगळं धुवून झालं, कोरडी जोडणी जुळली. आता ग्रीस.

ग्रीसच्या डब्यावर एनएलजीआय क्रमांक असतो, २ म्हणजे नेहमीचं मध्यम घट्ट ग्रीस. लोक हा आकडा बघून ठरवतात, पण हा आकडा ग्रीस डब्यात किती घट्ट आहे एवढंच सांगतो. रिंग फिरवताना बोटाला जो मऊ जडपणा लागतो तो आतल्या तेलाच्या दाटपणामुळे येतो. त्यामुळे दोन्ही २ नंबरची ग्रीसं असूनही एक लेन्स भिंगरीसारखी फिरते आणि दुसरी मधासारखी. तुम्हाला हवं ते डॅम्पिंग ग्रीस, दाट सिंथेटिक तेलाचं, तेल न सोडणारं. कॅमेरा दुरुस्तीवाले वापरतात त्यातलं हेलिमॅक्स किंवा नायोजेल मिळालं तर उत्तम. नायोजेल ७६७ए बरंच दाट आणि चिकट आहे, झिजलेल्या किंवा लहान हेलिकॉइडला ते बरं, पण मोठ्या व्यासाच्या, लांब आट्यांच्या लेन्सला लावलं तर रिंग परत जड, म्हणजे एवढा खटाटोप कशाला केला असं वाटेल. जितका आट्यांचा पृष्ठभाग मोठा तितकं ग्रीस हलकं, हा माझा ढोबळ नियम. हेलिओससारख्या मध्यम आकाराला मध्यम दाट. हे काहीच मिळत नसेल तर पीटीएफई (टेफ्लॉन) घातलेलं सिंथेटिक ग्रीस, सुपर ल्यूबसारखं, चालून जातं. रिंग थोडी हलकी लागेल, पण लेन्स वापरात येईल.

नको ते कुठलं हेही सांगतो. गाडीच्या बेअरिंगचं लिथियम ग्रीस नको, गरमीत तेल सोडतं. पेट्रोलियम जेली नको, ती उन्हात ठेवलेल्या लेन्समध्ये वितळते. शिलाई मशीनचं तेल तर नकोच. सिलिकॉन ग्रीस दिसायला छान स्वच्छ असतं पण त्यातलं तेल पसरत जातं आणि काचेवर गेलं की निघता निघत नाही, मी ते वापरत नाही.

किती लावायचं? तुम्हाला वाटतंय त्याच्या निम्मं. मऊ ब्रशने आट्यांवर इतका पातळ थर द्या की धातूचा रंग खालून दिसत राहील. दोन्ही बाजूंना लावायची गरज नाही, एका नळीला लावा, जोडा, टोकापासून टोकापर्यंत काही वेळा फिरवा, मग कडांना जे बाहेर आलं ते काडीला कापड गुंडाळून पुसून घ्या. जास्तीचं ग्रीस आत राहिलं तर ते उद्या पात्यांवरच जाणार आहे. चाव्या आणि त्यांची खाच यांना अगदी नाममात्र, आणि शक्यतो हलकं. मुख्य ग्रीस चाव्यांना चोपडलं की रिंगची दिशा बदलताना एक विचित्र ओढ जाणवते, मग लोक हेलिकॉइडला दोष देत बसतात.

जोडणी झाली की रिंग लगेच घट्ट करू नका, इन्फिनिटी लावायचीय. रिंग तीन स्क्रूंनी कुठल्याही कोनात पकडता येते, आपल्याला बरोबर कोन शोधायचाय. कॅमेऱ्यावर चढवा, अपर्चर पूर्ण उघडं एफ/२ ला, लाइव्ह व्ह्यू (स्क्रीनवरचं थेट चित्र) पूर्ण मोठा करून दूरची वस्तू बघा. दूर म्हणजे किती? १०० मीटरवरची वस्तू फोकस करायला या लेन्सला इन्फिनिटीपेक्षा सुमारे ०.०३ मिलिमीटर पुढे यावं लागतं, १ किलोमीटरवर हा फरक ०.००३ च्या आसपास येतो. म्हणजे समोरची इमारत पुरेशी नाही, किलोमीटरभर लांबचा टॉवर चालेल, आणि रात्रीचा तारा सगळ्यात बरा, तो स्क्रीनवर सर्वांत लहान ठिपका दिसतो तिथे इन्फिनिटी.

इथे एक मेख आहे. तुम्ही अडॅप्टर वापरताय, आणि बरेच अडॅप्टर मुद्दाम किंचित पातळ बनवतात, म्हणजे कुठल्याही लेन्सला इन्फिनिटी नक्की मिळावी. एम४२ मध्ये माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर ४५.४६ मिलिमीटर असायला हवं. अडॅप्टर ०.१ मिलिमीटर जरी पातळ असला तरी तारा रिंगवरच्या इन्फिनिटीच्या आधीच, ३४ मीटरच्या आसपासच्या जागी फोकस होतो. मग तुम्ही त्या अडॅप्टरनुसार रिंग लावली तर दुसऱ्या अडॅप्टरवर किंवा मूळ फिल्म कॅमेऱ्यावर इन्फिनिटी हुकू शकते. लेन्स कायम याच अडॅप्टरवर राहणार असेल तर त्यानुसार लावा, मला त्यात काही गैर वाटत नाही. पण फिल्म कॅमेऱ्यावरही वापरायची असेल तर तुमच्या कॅलिपरच्या मापावर आणि इन्फिनिटीच्या मूळ ओरखड्यावर जा आणि अडॅप्टरकडे दुर्लक्ष करा. स्क्रू एकदम एक पूर्ण आवळू नका, तिन्ही थोडे थोडे, आळीपाळीने, कारण आवळताना रिंग केसभर सरकते. आवळून झाल्यावर तारा परत बघा.

राहिला पात्यांचा प्रश्न. स्प्रिंगने आपोआप बंद होणारं अपर्चर असतं अशा लेन्सवर तेल म्हणजे खरंच अडचण आहे, पाती वेळेवर बंद होत नाहीत आणि फोटो जास्त उजळ येतो. पण हेलिओस ४४-२ ला प्रीसेट अपर्चर आहे, आठ पाती, तुम्ही हाताने रिंग फिरवता तेव्हाच हलतात, स्प्रिंगच नाही. त्यामुळे पात्यांवरच्या तेलाने एक्स्पोजर बिघडत नाही. बघायचं ते एवढंच की त्या तेलाची वाफ पात्यांच्या दोन्ही बाजूंच्या काचांवर बसलीय का. लेन्समधून आरपार टॉर्च मारा, तिरकं धरून बघा. काच स्वच्छ दिसत असेल तर मी पात्यांना हात लावणार नाही. ती सुटी करून परत एकात एक गुंफणं हे वेगळंच प्रकरण आहे, शेवटचं पातं पहिल्याखाली सरकवताना बाकीची सात जागा सोडतात.

धुकं दिसलं तर ब्लॉकमधला पुढचा आणि मागचा काचेचा गट काढा, काढताना प्रत्येक गटाची पुढची बाजू पेन्सिलने कडेवर खुणवा. पाती जागेवरच ठेवून त्यांवर नॅफ्थाचे थोडे थेंब सोडा, अपर्चर उघडबंद करा, टिश्यू टेकवून तेल टिपून घ्या, हे टिश्यूवर डाग यायचा थांबेपर्यंत. पुसू नका, टिपा, पाती कागदासारखी पातळ असतात आणि वाकली तर सरळ होत नाहीत. पात्यांना कुठलंही तेल परत लावायचं नाही, ती कोरडीच चालतात. काचा मात्र अल्कोहोल आणि लेन्स टिश्यूने स्वच्छ करा, नॅफ्थाने नाही, त्याचे पट्टे राहतात. आणि ब्लॉक बंद करायच्या आधी तो रात्रभर झाकून उघडा राहू द्या, नाहीतर पात्यांमध्ये अडकलेला नॅफ्था नंतर उडतो आणि सोबतचं उरलंसुरलं तेल आत्ताच पुसलेल्या काचेवर नेऊन बसवतो.